सासूबाईंनी पाहिलेली स्लाइड

गडचिरोलीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा आमच्याकडे तपासायला येतो. मी तो मेणात बसवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते, काचेवर चढवते आणि रंगवते. ती झाली स्लाइड. मग आमचे डॉक्टर सर मायक्रोस्कोपखाली पाहून रिपोर्ट लिहितात. कितीतरी जणींच्या गर्भाशयाचं अस्तर असं माझ्या हाताखालून गेलं. एके दिवशी माझं स्वतःचं आलं.

मला कॉलेजात असल्यापासून पीसीओडी आहे. पाळी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती. एकदा दिवस राहिले, पण दोन महिन्यांतच सगळं संपलं. त्यानंतर मधेच डाग लागायचे, ओटीपोटात बारीक दुखत राहायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अस्तराचा तुकडा काढून तपासून घेऊ." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावाची डबी माझ्याच टेबलावर आली.

"मी करते, तू बस," सोबत काम करणारी मैत्रीण म्हणाली. पण मी दिली नाही. स्लाइड मीच तयार केली. मीच नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली.

दुपारी सरांनी हाक मारली. "ये, तूच बघ आधी."

मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. गुलाबी-जांभळ्या अस्तरात मधे मधे अंडाकृती पेशी दिसत होत्या. आतलं केंद्रक एका कडेला सरकलेलं, त्यात घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडलेले ठिपके.

"प्लाझ्मा पेशी," मी म्हटलं. "बऱ्याच आहेत, सर."

"हो. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी अस्तरात असतातच. गर्भ रुजायलाही त्यातल्या काही लागतात. पण या जातीच्या पेशी इतक्या संख्येनं इथं बसल्या, म्हणजे आत जुनी सूज आहे."

"पीसीओडीमुळं?"

"काही अंशी असेल. हार्मोनचा तोल गेला की अस्तर वेळेवर झडत नाही, या पेशींचं वागणंही बदलतं. नेमकं कसं, ते अजून शोधून राह्यले लोक. पण या सुजेवर औषध आहे."

खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण मी डबा उघडून पोटभर जेवले. इतकी वर्षं ज्याला त्याला माझ्या शरीराबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. वजन कमी कर, टेन्शन घेऊ नको, अमक्या देवाला जा. आज पहिल्यांदा मला स्वतःला काहीतरी दिसलं होतं, आणि त्याला नाव होतं.

आमचं घर चामोर्शीजवळच्या एका खेड्यात. नवरा गावच्या तलावात मासेमारी करतो, सासूबाई चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासे विकतात. मी संध्याकाळी बसनं घरी पोचले तेव्हा त्या अंगणात जाळं साफ करत होत्या.

"का म्हणते डॉक्टरीन?"

"आई, आत सूज आहे."

"सूज? पाय मुरगळल्यावानी?"

"तशीच, पण बारीक. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मायक्रोस्कोपमधून दिसते."

"तुले दिसली?"

"हो."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. "मंग मले बी पाहू दे ना एकदा."

दोन आठवडे अँटिबायोटिक झालं. सोबत पीसीओडीसाठी रोजची गोळी, सकाळी चालणं आणि ताटातला भात निम्मा. हे शेवटचं सासूबाईंना अजिबात पटलं नाही. "धानाच्या मुलखात राहून भात नाई खायचा, तं का दगडं खायचे?" पण आठवड्याभरात त्यांनी स्वतःच कुठून तरी ज्वारी आणली आणि भाकरी थापायला बसल्या. पहिली भाकरी तव्यावरच मोडली, दुसरी जळाली. तिसरी त्यांनी माझ्या ताटात अशा ऐटीत ठेवली, की नवरा म्हणाला, "मले बी दे, आई."

"तुले काऊन? तुह्या पोटात का सूज हाय?"

सकाळी त्याच माझ्यासोबत तलावाच्या बांधावरून चालायच्या. मी दमले की त्या पुढं निघून जायच्या आणि वळून ओरडायच्या, "चाल वं! थांबली काऊन?"

तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा काढला. स्लाइड तयार झाली त्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून, सरांसाठी पिशवीत मरळ मासा घेऊन लॅबमध्ये हजर झाल्या. सर हसले आणि आपली खुर्ची त्यांना दिली. आधी त्यांनी डोळे इतके घट्ट लावले की पापण्याच मिटल्या. "अंधारच हाय!" मग मी त्यांना जरा मागं सरकवलं, तेव्हा दिसलं.

"अगं माय! हे तं जांभळं सांडल्यावानी दिसते."

ती जुनी स्लाइड होती. मी एक पेशी मधोमध आणून दाखवली.

"ह्याच का त्या मेल्या?"

"ह्याच."

मग सरांनी नवी काच लावली. "आता शोधा, बाई."

सासूबाई कितीतरी वेळ वाकून बसल्या. मी काच हळूहळू सरकवत होते. "इथी नाई... इथी बी नाई..." शेवटी त्यांनी मान वर केली. "मले तं एकबी दिसत नाई."

"मलाही नाही दिसली," सर म्हणाले. "गेली सूज."

त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी टेबलावर आपटायचीच राहिले.

पुढं, आधीच्या पाळीपासून बत्तीसाव्या दिवशी, माझी पाळी आपली आपण आली. गोळीनं आणावी लागली नाही. मी लॅबच्या मागच्या व्हरांड्यातून त्यांना फोन केला. बाजाराचा दिवस होता, मागं गलका ऐकू येत होता.

"आई, आली."

"आली? खरंच आली?" त्या एवढ्यानं ओरडल्या की शेजारची बाई विचारताना मला फोनवर ऐकू आली, "कोन आली, बाई?"

"आमच्या घरची पाहुनी!" सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर झिंगे जास्तीचे पडले, असं नवऱ्यानं मला नंतर सांगितलं.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की सूज गेली म्हणजे मूल होईलच असं नाही, आणि पीसीओडी तर सोबत राहणारच. ते मी मनाशी धरून होते. आठ महिन्यांनी तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा मी चप्पलही न घालता तलावाकडं धावले. नवरा कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होता. मी बांधावरून ओरडून सांगितलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि जाळं सुटलं. रोहू आणि कतला पाणी उडवत मोकळे झाले.

सासूबाई टोपली घेऊन मागून येत होत्या. "अरे, पूर्ण मासोळ्या सोडल्या का गा? येड लागलं का तुले?"

"आई, तू आजी होऊन राह्यली!" तो पाण्यातूनच म्हणाला.

त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि लुगड्यासकट पाण्यात उतरल्या. मायलेक पाण्यातच उभे राहून हसत होते. मला कोणी पाण्यात येऊ दिलं नाही. मी बांधावर बसून हसत होते.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. माझी पाळी अजून कधीकधी चुकते, गोळी आणि चालणं चालूच आहे. बाजारात एखादी बाई पोरीची पाळी चुकते म्हणून कुजबुजली, की सासूबाई तराजू बाजूला ठेवतात. "लपवू नोको, डॉक्टरीनकडे घेऊन जाय," म्हणतात. आणि लगेच, "मी सोता पाह्यलं हाय, मायक्रोस्कोपातून!"