जाऊबाईंच्या घरातले डास

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी आवडत नव्हते आणि मला त्या. पुण्यात सणावारापुरती गाठ पडायची, तेवढं दोघींनी निभावून नेलं होतं. मग मला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. नवऱ्याचं पुण्यातलं काम संपायचं होतं, म्हणून मी एकटीच पुढे आले आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत आल्मेरेला दिरांकडे राहायचं ठरलं. ठरवलं दोघा भावांनी. आम्हाला कुणी विचारलं नाही.

माझं काम डासांचं. आफ्रिकेतल्या गावांतून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या अळ्या आणि सुकवलेले डास आमच्या प्रयोगशाळेत येतात. मायक्रोस्कोपखाली त्यांची जात ठरवायची आणि ते ज्या पाण्यात सापडले त्याच्याशी ती जुळते का, हे बघायचं. मलेरियाच्या डासांतली एक जात उन्हात तापलेल्या उथळ डबक्यांत वाढते. गुराच्या खुराच्या ठशात साठलेलं पाणीही तिला पुरतं. दुसरीला गवत माजलेलं, बारमाही पाणी लागतं. डेंगीचा डास या दोन्हींकडे फिरकत नाही, त्याला माठ नाहीतर टायर हवा. जात चुकली की भलतंच पाणी बुजवलं जातं आणि माणसं आजारी पडतच राहतात. शिवाय आमच्याकडे एका उबदार खोलीत, दोन दारांआड, जाळीच्या पिंजऱ्यांत जिवंत डासही असतात.

हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात जेवताना सांगून बसले. दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाले. ऑफिसची बॅग मागच्या शेडमध्ये ठेवायची. कपडे तिथेच बदलायचे, घरातल्या मशीनमध्ये टाकायचे नाहीत. मी थंडीत शेडमध्ये सायकलींच्या मध्ये उभी राहून कपडे बदलत असे आणि आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकत असे. दीर हे बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

पानगळ सुरू झाली आणि घरात डास झाले. माझी पुतणी तेव्हा लहान होती. सकाळी उठली की तिच्या गालावर, कपाळावर गांधी उठलेल्या असत. एका रविवारी जाऊबाईंनी मेलेला डास वाटीत घालून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, ओळख. मी भिंग आणलं. पंखांवर ठिपके नव्हते, सोंडेशेजारच्या मिशा आखूड होत्या, पायांवर पांढरे पट्टे नव्हते. हा इथला साधा घरातला डास होता. आफ्रिकेतला मलेरियाचा डास असता तर पंख ठिपक्यांचे असते आणि त्या मिशा सोंडेएवढ्या लांब असत्या. हे मी त्यांना दाखवायला गेले, तर त्यांनी भिंग हातातही घेतलं नाही.

"तू दुसरं काय सांगणार?" त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी माझ्या प्रयोगशाळेत फोन केला. अस्खलित डचमध्ये सांगितलं, की आमच्या घरी राहणारी बाई तुमचे डास अंगावरून घेऊन येते आणि माझ्या मुलीला ते चावतात. अशी तक्रार आली की तिथे कुणी हसत नाही. सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाईंनी मला बोलावलं, शांतपणे माझं कार्ड काढून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत उबदार खोलीत जायचं नाही असं सांगितलं. त्या खोलीतले माझे पिंजरे दुसऱ्या कुणाकडे दिले. ज्या व्हिसावर मी या देशात होते तो या नोकरीवर होता, हे जाऊबाईंना चांगलं माहीत होतं.

चौकशीत काहीच निघालं नाही, पण ती संपायला वेळ लागत होता. तोवर मी घरातच शोध घ्यायचं ठरवलं. बागेत साचलेलं पाणी नव्हतं, पिंपही नव्हतं. मग मला पुढच्या दारातलं पायपुसणं आठवलं. इथल्या जुन्या-नव्या बऱ्याच घरांना जमिनीखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी असते आणि तिचं झाकण दाराशी असतं. शनिवारी जाऊबाई पुतणीला पोहायला घेऊन गेल्या होत्या. मी दिरांना बरोबर घेतलं आणि झाकण उचललं. खालून कुजका वास आला आणि वासाबरोबर डास वर आले. टॉर्च मारला तर खाली काळं पाणी होतं. मी डावाने थोडं काचेच्या वाडग्यात काढलं. त्यात अळ्याच अळ्या, शेपटीची नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकलेल्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, अशी लटकत नाही.

दीर म्हणाले, सांडपाण्याचा पाइप गळत असेल, माणूस बोलावतो. मग म्हणाले, की इथल्या मराठी मंडळातल्या लोकांपुढे हे काढू नकोस.

जाऊबाई आल्या तेव्हा वाडगा ओट्यावर होता. मी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही; चढवायला हवा होता असं मला अजून वाटतं. त्यांनी वाडगा सिंकमध्ये ओतला आणि वरून गरम पाणी सोडलं.

"माझ्या घराखाली घाण आहे, हे सांगायला तू इतक्या लांबून आलीस?"

"वहिनी, तुम्ही प्रयोगशाळेत फोन करून खरं काय ते सांगा. माझी नोकरी अडकली आहे."

"मी खोटं काही बोललेच नाही. मुलीला डास चावत होते."

मी दिरांकडे बघितलं. ते प्लंबरचा नंबर शोधत होते.

प्लंबर आला, पाइप बदलला, पाणी उपसलं आणि डास संपले. फोन मात्र झाला नाही. चौकशी आपल्या गतीने संपली आणि कार्ड परत मिळालं, पण पिंजरे मिळाले नाहीत. ते आता दुसऱ्याच्या कामाचा भाग झाले होते. मी एका दुकानावरची ओलसर खोली घेतली आणि आल्मेरे सोडलं. नवरा पुण्याहून फोनवर म्हणाला, की मोठ्या आहेत, तू जरा नमतं घ्यायला हवं होतंस. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

तो इकडे आल्यावर माझं राहिलेलं सामान आणायला भावाकडे गेला. मी गाडीतच बसले. जाऊबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत आल्या, गाडी बघितली आणि पडदा ओढला. नवरा कचऱ्याची काळी पिशवी घेऊन बाहेर आला, तोंडाला दुहेरी गाठ मारलेली. तिथे राहिलेला माझा एक चांगला लोकरी स्वेटर आणि आईने दिलेला डबा त्यातच असणार होता. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मी ती पिशवी तशीच तिथल्या कचऱ्यात टाकली. नवरा म्हणाला, निदान उघडून तरी बघ. मी उघडली नाही.