रडायला नकार देणारी आई
पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या रस्त्याला उसाच्या वाळलेल्या पाचटाचा वास आला की कर्वेनगरमधला आमचा प्रयोग आठवतो. पाताळाचा राजा धान्यदेवीच्या मुलीला पळवून नेतो, ती ग्रीक कथा आम्ही नाच, गाणं आणि पडद्यावरच्या चित्रांतून तिच्या आईच्या बाजूने सांगत होतो. रंगमंचभर पाचट पसरलं होतं. मुलगी मी होते आणि आईच्या कामाला माझीच आई, निवृत्त शिक्षिका. तालमीत दिग्दर्शिका म्हणाली, "काकू, इथे कोसळून रडा." आई म्हणाली, "अगं, मी रडत बसले तर मुलीला शोधणार कोण?" प्रयोगात ती पाचट तुडवत, मला हाका मारत सगळा रंगमंच पालथा घालत राहिली. विंगेत मी तबलजीला म्हटलं, "ही माझी खरी आई आहे." आता मी दिग्दर्शन करते, आणि नटीला रडायला सांगण्याआधी, त्या जागी ती स्वतः असती तर तिने काय केलं असतं, ते तिलाच विचारते.