गुलाबी कागदाचा ब्लाउज

मला मदत केली ती स्टॅनमोरच्या ताईंनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी त्यांच्यावर नुसती जळतेच आहे.

मी नववीत शाळा सोडलेली. लग्न होऊन लंडनजवळच्या वॉटफर्डला आले तेव्हा ब्लाउज शिवणं एवढंच येत होतं. दिवाळीपर्यंत ते चाललं नाही तर पुन्हा सँडविच फॅक्टरीत, डोक्याला जाळी लावून थंडगार हॉलमध्ये उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं.

जवळच्याच स्टॅनमोरमधल्या ताईही ब्लाउजच शिवायच्या, पण त्या शिकलेल्या, स्वतःची गाडी चालवणाऱ्या. इंडियन दुकानातल्या बोर्डावर त्यांचा कागद होता: मापाचा ब्लाउज द्या, चौदा दिवसांत अस्तरासह नवा घ्या, बसला नाही तर पुन्हा शिवून देऊ. खाली किंमत. वर्षभर तोच कागद, कोपरे वळलेले. मला वाटायचं, काय आळशी बाई आहे, आणि तरी सगळ्या हिच्याकडेच कशा जातात?

मी मात्र दर पंधरवड्याला लायब्ररीत कॉपी काढून नवा कागद लावायची. गुलाबीवर 'आठ दिवसांत, अस्तरासह'. पिवळ्यावर 'चार दिवसांत', अस्तराचं नावच नाही. हिरव्यावर 'दोन ब्लाउजवर एक फॉल फुकट'. किंमत कुठेच नाही. ओळखीच्या बाईला तोंडावर भाव सांगायचा म्हणजे तिला परकं केल्यासारखं वाटायचं. कोणी विचारलंच तर मी म्हणायची, "तुमच्याकडून काय जास्त घेणार? बघू."

दसऱ्याच्या आधी एका घरातल्या दोन जावा आल्या. एकीच्या हातात गुलाबी कागद, दुसरीच्या पिवळा.

"अहो, हिला अस्तर आणि मला नाही?" धाकटी म्हणाली. "मी काय सावत्र आहे का?"

"बघू ना, करू काहीतरी."

"म्हणजे किती होतील?"

"बघू."

थोरली हसली. "चल गं. ह्यांचं बघून होईपर्यंत दिवाळी जाईल."

दसऱ्याच्या कार्यक्रमाला शाळेच्या हॉलमध्ये दोघी दिसल्या. ब्लाउज ताईंकडचे, मी लांबूनच ओळखले. जेवणाच्या रांगेत मी मुद्दाम त्यांच्या मागे उभी राहिले आणि पाठीवर एखादी चुणी सापडते का बघत राहिले. सापडली नाही. ताट घेऊन एका टेबलाशी जाऊन बसले.

तेवढ्यात ताईच शेजारी येऊन बसल्या. पर्समधून माझे तिन्ही कागद काढून टेबलावर ठेवले.

"तुमच्याकडून बायका माझ्याकडे येतात, त्या हे घेऊन येतात. मला विचारतात, ह्यातलं खरं कुठलं?"

माझे कान तापले. वाटलं, ही आता चारचौघांत माझी शोभा करणार.

"तुम्हाला ताप असला, पाहुणे असले, तरी ह्यातलं दर वेळी काय जमेल?"

मी विचार करून म्हटलं, "आठ दिवस. अस्तर. आणि हूक-काज हाताने करते, मशीनवर नाही."

"मग तेवढंच लिहा. किंमत टाका. आणि कंटाळा आला तरी बदलू नका. माझ्याकडे चौदा दिवस लागतात. ज्यांना घाई असेल त्यांना मी तुमच्याकडे पाठवीन, पण सांगायचं काय ते मला आधी कळायला हवं."

खरं सांगते, आभार मानायच्या आधी मनात आलं, हिला एवढं काम आहे की वाटून टाकते.

पांढऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या, खाली किंमत. पहिल्याच आठवड्यात आमच्याच गल्लीतली एक ओळखीची आली आणि म्हणाली, "आपल्यातल्या आपल्यात काही कमी कर गं." 'बघू' अगदी ओठांवर आलं होतं.

"सगळ्यांना एकच आहे, वहिनी."

"बरीच इंग्रज झालीस," ती म्हणाली. पण ब्लाउजपीस ठेवून गेली. त्यानंतर ताईंनी पाठवलेल्या चौघी आल्या, मग त्या चौघींच्या मैत्रिणी. दिवाळीत मी फॅक्टरीत नव्हते, मशीनवर होते.

मत्सर गेला असं नाही. त्यांची गाडी दिसली की अजून जळतेच. त्यांना माझी कधी गरजच पडत नाही, ह्याचाही रागच येतो. पण कधीतरी पडेल. त्या दिवशी हातातलं अर्धं काम तसंच टाकून मी स्टॅनमोरला जाईन, आणि ताई सांगतील ते करीन.