चुलीपाशी शेकलेला फ्लोअर टॉम

आज अक्षरशः रडायला येतंय, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

दीड वर्ष शोधल्यावर मला वीस इंची फ्लोअर टॉम मिळाला, कुसगावच्या एका बंद पडलेल्या हॉटेलात. ड्रमसेटमधला हा पायांवर उभा राहणारा ड्रम एवढ्या मापाचा सहसा मिळतच नाही.

आज बेडसे गावातल्या घरी सकाळभर चावी फिरवून सूर लावत बसले. आवाज काही उघडेना. "दमट हवेनं बसलाय मेला," असं करवादून मी आंघोळीला गेले.

परत येते तर आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, तो चुलीपाशी शेकायला ठेवलेला. वर ताणून बसवलेलं, वाजवायचं प्लास्टिकचं पान आक्रसून पार वाकडं झालं होतं.

"हलगी तरी शेकल्याबिगर बोलती व्हय?" आबा खुशीत म्हणाले. जन्मभर हलगी वाजवलेला माणूस.

मी किंचाळले, "तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

या मापाचं पान कुठे मिळेल, हे विचारायला पोस्ट लिहायला घेतली होती. पण मघाशी आबांनी खुंटीवरची त्यांची हलगी उतरवून माळ्यावर टाकली. ती खाली कशी आणू, सांगा ना कुणीतरी?