फेकलेल्या वस्तूंचा राग

माझ्या मुलीला भुतांचं वेड लागलं, तेही जपानी. आपल्याकडे काय भुतांचा दुष्काळ पडला होता? बहरैनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीच्या भिंतीवर एका पायावर उड्या मारणारी छत्री, जीभ बाहेर काढलेला कंदील, हातपाय असलेली चप्पल, असली चित्रं काढून लावलेली.

"हे काय?" विचारलं तर म्हणाली, "ओल्ड थिंग्ज, बाबा." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. वस्तू शंभर वर्षं वापरली की तिच्यात जीव येतो, अशी जपानी लोकांची जुनी समजूत. म्हणून लोक त्याआधीच, वर्षअखेरीच्या साफसफाईत, त्या घराबाहेर काढत. मग त्या चिडत आणि माणसांवर सूड उगवत. ही सगळी फौज एका लांबलचक जुन्या चित्रात रंगवलेली आहे म्हणे.

मला ते काही पटलं नाही. मी हिद्दच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आलो आणि सुपरवायझर झालो. दर दसऱ्याला मनामाच्या बाजारातून झेंडू आणून लेथ मशीनला हार घालायचो, पान्यांना हळदकुंकू लावायचो. केरळी, फिलिपिनो, बहरैनी, सगळे पेढे खायला हजर. "आपण वस्तूंना मान देतो, त्या कशाला चिडतील?" असं मी मुलीला ऐकवलं. राबणाऱ्याची कदर होतेच, हेही वर ठोकून दिलं.

यंदा दसरा झाला आणि नवं मशीन आलं. माझं लेथ सुकलेल्या हारासकट ट्रकवर चढवून सित्राच्या भंगारात धाडलं. त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. व्हिसा रिन्यू होणार नव्हता. माझा गेला म्हणजे बायकोचा गेला, मुलीचाही गेला, आणि तिची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली.

"साहेब, परीक्षेपर्यंत तरी राहू द्या," मी म्हणालो. साहेब पुण्याचे, मराठीच माणूस.

"बघू, इंशाल्ला," ते म्हणाले आणि फोन उचलला. पुढे कोणी काही बघितलं नाही.

निरोपाला केक आणला. बायको-मुलीलाही बोलावलं. भाषण करा म्हणाले. घशाशी शिव्या आल्या होत्या, देवाशपथ. पण मी हात जोडले. कंपनीने मला सगळं दिलं, काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा, असं बोललो. टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मला स्वतःची किळस आली. मुलगी केकला शिवली नाही.

घरी आल्यावर तिने ते लांबलचक चित्र लॅपटॉपवर उघडून माझ्यापुढे धरलं. फेकून दिलेल्या भांड्याकुंड्यांची सभा भरली होती, आणि मध्ये एक जपमाळ उभी होती.

"ही काय सांगतेय?" मी विचारलं.

मुलगी चक्क मराठीत बोलली, अडखळत. "ती बोलते, राग नको करू. माणसांना माफ कर, त्यांचं चांगलं कर. मग बाकीचे सगळे तिला मारतात. खूप मारतात."

"तिलाच का?"

"कारण ती पण फेकलेलीच होती, बाबा."