पचमढीसाठी घेतलेला कॅमेरा

आईबाबांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एकही फोटो आमच्याकडे नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे. आमच्या घराण्यात दोन माणसांचं एका गोष्टीवर कधी पटलेलं नाही. पण या एका बाबतीत झाडून सगळ्यांचं एकमत आहे.

त्यांच्या लग्नात फोटोवाला नव्हता. पुढे तीस-पस्तीस वर्षं आईच तयार नव्हती. सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याच्या बाजूला उभं राहायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की सासूसासरे गेल्यावरही ती बाबांच्या दोन पावलं मागेच चालायची! बाबा रिटायर झाले आणि त्यांनी आयुष्यातली पहिली (आणि शेवटची) फर्माईश केली.

"पचमढीले जाऊ. तिथं आपल्याले कोणी वळखत नाही. तिथं तरी माह्या बाजूले उभी राहशीन का वं?"

आई लाजून स्वयंपाकघरात पळाली. तिथूनच उत्तर आलं, "एक डाव राहीन."

कॅमेरा निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो, म्हणजे मला सगळं कळतं असा माझा समज होता. दोन महिने नागपुरातली सीताबर्डीची दुकानं पालथी घातली. कॅमेऱ्यांचे गुणदोष लिहायला वही केली. महाल भागातल्या फोटो स्टुडिओचे सदाभाऊ माझ्या प्रश्नांनी टेकीला आले.

"मास्तर, डब्बा कॅमेरा घ्या," ते म्हणाले. "बाराच फोटो निघते. पण निघते!"

"प्रवासात जड होईल हो तो."

"असा किती जड?"

मी तो शेजारच्या किराणा दुकानात नेला आणि तूरडाळीच्या तराजूत घालून तोलला! (दुकानदारानं सवयीनं कागदात बांधायला घेतला होता.) शेवटी मी एक चिमुकला जपानी कॅमेरा पसंत केला. जुना होता, पण छत्तीस फोटो निघायचे आणि रोल अंगठ्याएवढा.

"एवढासा रोल हरवून जाते ना," सदाभाऊ कुरकुरले.

"अहो, तोच तर फायदा आहे. कुठेही मावतो!"

"बरं बाप्पा. पण उन्हापासून जपा. तापला का गेला."

पचमढीला दरीच्या काठावर आई खरोखरच बाबांच्या बाजूला उभी राहिली. बाबांनी भीतभीत तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ गा लवकर, लोक पाहून राहिले!" आई ओरडली. (लोक म्हणजे एक माकड होतं.) मग बाबा तिच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि ती हसली. तसं हसताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. मी बटण दाबलं. माझे डोळे भरून आले होते.

परतीच्या गाडीत मे महिन्याचा वणवा होता. खिडकीचा गज हाताला चटका देत होता. मला सदाभाऊंचे शब्द आठवले. आता, नागपूरच्या माणसाला काही गार ठेवायचं म्हटलं की पाण्यापलीकडे सुचत नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, अंगणात पाणी, डोक्यावर ओला पंचा! खिडकीबाहेर आमची छागल टांगली होती, कॅनव्हासची, पाण्यानं गच्च भरलेली. मी कॅमेऱ्यातून काढलेल्या रोलची डबी घट्ट बंद केली आणि हळूच छागलीत सोडली. अगदी सहज मावली. (डबीवर 'घट्ट बंद करा' असं लिहिलं होतं. 'पाण्यात टाकू नका' असं कुठेही लिहिलं नव्हतं!) आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी डुलकी काढली.

बैतूलला बाबा पाणी प्यायले. "कडू लागून राहिलं गा."

"ठेसनचं पाणी हाय, असंच राहते," आई म्हणाली.

समोर उमरेडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मागून दोन पेले घेतले आणि पोटावरून हात फिरवला. "औषधी पाणी दिसते. लय बरं वाटून राहिलं!"

पांढुर्ण्याला पाणी तळाला गेलं. आईनं छागल हलवून पाहिली. "काहून गा, यात खडखड काय वाजून राहिलं?"

"रोल," मी म्हणालो.

"कोणता रोल?"

मी छागल उलटी करून डबी बाहेर काढली. बोलले फक्त उमरेडचे गृहस्थ. "म्हणजे मी पेलो काय?" त्यानंतर ते पोट धरून संडासाकडे गेले, ते नागपूरपर्यंत दिसले नाहीत.

सदाभाऊंनी डबी उघडली. आतून आधी पाणी निघालं. रोल फुगून स्वतःलाच चिकटला होता, आणि जिथे सुटला तिथे त्याचा नुसता चिखल हाताला आला.

"मास्तर, रोल धुवाचं काम माझं होतं," ते एवढंच म्हणाले.

"आपण पुन्हा काढू," बाबा आईला म्हणाले.

"एक डाव म्हटलं होतं. राहिली ना मी?" आई म्हणाली, आणि विषय संपला. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या थंडीत ते गेले. माझी माफी मागायची राहूनच गेली.

भिंतीवर लावायला बाबांचा एकच फोटो सापडला: नोकरीला लागतानाचा, ओळखपत्रावरचा, काळ्याभोर मिशीतला. आईचा एक फोटो भाचीच्या लग्नातला होता, अलीकडचा. सदाभाऊंनी दोन्ही जोडून एक केला. आईनं तो बैठकीत लावला.

परवा नवीन शेजारीणबाई आल्या. फोटोकडे पाहून म्हणाल्या, "पोरगा का वं तुमचा? मोठा देखणा हाय!"

"नाही वं बाई, हे आमचे मालक," आई शांतपणे म्हणाली. "पोरगा तो तिथं बसला. फोटो काढाचं काम त्याच्याकडं होतं ना, म्हणून हे असे जवान राहिले अन् मी एकलीच बुढी झाली!"