पाहुण्यांसाठी मारलेलं पाणी

माझा नवरा लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला होता. शाहूपुरीच्या पलीकडे तेव्हा असे बरेच कारखाने निघाले होते. राजाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या कारखान्यात उसाच्या चरकाचे रूळ आणि इंजिनाचे भाग ओतायचे. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतायचा, तो थंड झाला की साचा फोडायचा आणि लोखंडाला चिकटलेली जळकी वाळू छिन्नीनं, तारेच्या ब्रशानं खरवडून काढायची. हे खरवडायचं काम नवऱ्याकडे होतं. मी त्याच शेडमध्ये वाळू चाळायला होते. उचगावहून आम्ही दोघं चालत यायचो. तो पुढं, मी मागं.

जळक्या वाळूची धूळ पिठासारखी बारीक असते. संध्याकाळी नवऱ्याच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. वाटेत लोक म्हणायचे, "काय पावणं, पिठाच्या गिरणीत काम लागलं वाटतं!" रोज मालक प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. गूळ खाल्ला की धूळ पोटात जाते आणि पोटातून निघून जाते, असं सगळे मानायचे. मीही मानायचे. गूळ चांगला असायचा, ते काही खोटं नाही.

नवऱ्याला खोकला लागला तेव्हा आधी आम्ही लक्ष दिलं नाही. मग तो चालताना थांबायला लागला. मी मागून यायचे, ती पुढं जायला लागले. गावात तेव्हा खोकला म्हणजे क्षय, दुसरा खोकला कुणाला माहीत नव्हता. सासूबाईंनी त्याचं ताट वेगळं केलं. स्वतःच्या मुलाचं ताट वेगळं करताना त्या रडल्या, पण केलं. मी त्यांना बोलले नाही. मलाही भीती होतीच.

अशात सरकारची माणसं आली. कामगारांच्या तब्येतीचा अभ्यास करणारी मोठी संस्था होती, सगळ्या देशासाठी एकच, असं मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्री म्हणजे आमच्या शेडचे मुकादम. त्या माणसांनी आधी सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. किती वर्षं काम करता, कुठं बसून करता, जेवता कुठं, सगळं विचारून लिहून घेतलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली. एवढं लिहिणारी माणसं मी आधी बघितली नव्हती.

दोन दिवसांनी त्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. डॉक्टर पुण्याकडचे होते, हळू बोलायचे. नवऱ्याचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "इथे डाग आहेत. पण ते क्षयाचे की धुळीचे, हे नुसत्या फोटोवरून मी सांगू शकत नाही. परवा आम्ही तुमच्या शेडमधली हवा तपासणार आहोत. धूळ हद्दीपेक्षा जास्त निघाली, तर मी तसं लिहीन. मग मालकांना तुम्हाला शेडबाहेरचं काम द्यावं लागेल."

"आणि पगार?" मी विचारलं.

"पगार तोच राहावा, असंही लिहीन."

नवरा म्हणाला, "सायेब, गूळ खातो की मी रोज."

"गूळ पोटात जातो. धूळ फुप्फुसात जाते. दोघांची गाठ पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना नवरा खुशीत होता. म्हणाला, "फाटकावर बसवतील मला. खुर्ची देत्यात का बघू."

"खुर्चीचं ऱ्हाऊ द्या. आधी तपासणीत धूळ निघू द्या," मी म्हणाले.

"निघंल न्हाय तर काय! नाकात कोंबायला धूळ हाय तिथं."

तपासणीच्या दिवशी मी लवकर गेले. नवरा मागून येत होता. शेडचं दार उघडलं आणि मला लाज वाटली. सगळीकडं वाळू सांडलेली, खांबाखांबाला तंबाखूच्या पिचकाऱ्या, तुळईवर धुळीचा थर. एवढी शिकलेली माणसं येणार आणि त्यांना हे दाखवायचं? घरी पाहुणा यायचा असला की अंगण झाडून सडा घालायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. त्यात विचार करायचं काही नव्हतं. दोन डबे घेतले आणि हौदावरून पाणी आणायला लागले. जमिनीवर मारलं, वाळूच्या ढिगावर मारलं, खरवडायच्या लोखंडावरही मारलं. कोपरे झाडले. रांगोळी तेवढी घातली नाही.

मिस्त्री आले. दारातच थांबले. "वैनी, कुनाचं लगीन हाय काय आज?"

"पावणं येनार हाईत. तुमच्या ह्या पिचकाऱ्या दावू व्हय त्यास्नी?"

"दावू नगासा. माझंबी नाव जाईल," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच्या पंच्यानं एक खुर्ची पुसून ठेवली.

बाकीचे कामगार आले, त्यांनीही बघितलं, हसले, चपला बाहेर काढून आत आले. नवराही आला. एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की आज धूळ दिसायला हवी होती.

डॉक्टर आले, बरोबर एक चष्मेवाले गृहस्थ. त्यांच्याकडे काचेची बाटली होती, तिला रबराची नळी आणि हातानं फिरवायचा पंप. नवरा खरवडायला बसला. चष्मेवाल्यांनी बाटली त्याच्या नाकाजवळ धरली आणि पंप फिरवायला सुरुवात केली. हवा बाटलीतल्या पाण्यात जायची, मग त्या पाण्यातले धुळीचे कण ते भिंगाखाली मोजणार होते. माझ्या चाळणीजवळही बाटली धरली. ओली वाळू चाळणीतून खाली पडत नव्हती, मी हातानं दाबून पाडत होते.

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, असं पाणी तुम्ही रोज मारता?"

तुम्ही येणार म्हणून आवरलं, असं कुठली बाई पाहुण्याला तोंडावर सांगेल? मी म्हणाले, "व्हय की. रोज. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरांना फार बरं वाटलं. "छान! बाकीच्या कारखान्यांत मी हेच सांगत फिरतोय. एवढं केलं तरी अर्धी धूळ बसते." त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझी मान ताठ झाली.

नवऱ्याचा ब्रश थांबला होता. तो माझ्याकडं बघत होता. मग परत खरवडायला लागला. पाहुण्यांसमोर बायकोला खोटं पाडायची रीत नाही.

त्यांना चहा दिला, गुळाचा खडा दिला. उद्या हुपरीला जाणार, म्हणाले, चांदीचे पैंजण करणाऱ्यांना तपासायला. मिस्त्री त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले.

घरी जाताना अर्ध्या वाटेवर नवरा म्हणाला, "आज मला खोकला न्हाय आला दिवसभर."

"बरं झालं की."

"अगं, धूळच नव्हती आज."

तेव्हा मला कळलं. मी रस्त्यात खाली बसले. तो उभाच होता. म्हणाला, "ऊठ. लोक बघत्यात."

"मी सांगते त्यास्नी जाऊन."

"काय सांगशील? खोटं बोलले म्हणून?"

हुपरीला एस.टी. जात होती. सकाळी बसून गेले असते तर डॉक्टर भेटले असते. पैंजणवाल्यांच्या कुठल्याही घरी विचारलं असतं तरी कुणी पत्ता सांगितला असता. मी गेले नाही. एका दिवसाचा रोज बुडेल, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. ते काही खरं नाही. लाज वाटली म्हणून गेले नाही. दुसरं कारण नव्हतं.

काही महिन्यांनी कारखान्याला कागद आला. मिस्त्रींनी वाचून दाखवला. आमच्या शेडमध्ये धूळ हद्दीच्या आत आहे, रोज पाणी मारलं जातं, ही पद्धत इतर कारखान्यांनी घ्यावी. नवऱ्याबद्दल लिहिलं होतं की धुळीचं कारण दिसत नाही, क्षयासाठी थुंकी तपासावी. थुंकी तपासली. तिच्यात काही सापडलं नाही. क्षय नाही म्हणून दवाखाना ठेवून घेईना आणि धूळ नाही म्हणून मालक जागा बदलून देईनात. सासूबाईंनी ताट मात्र वेगळंच ठेवलं. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.

कामगार म्हणायला लागले, मालकानं मिस्त्रीला हाताशी धरून पाणी मारून घेतलं आणि सरकारला फसवलं. मिस्त्रींना येता-जाता टोमणे बसायचे. "काय पाणक्या, आज कुनाचा सडा?" ज्यांनी त्या दिवशी मला डबे वाहताना बघितलं होतं, तेसुद्धा म्हणायचे. माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं. मिस्त्रींनी माझं नाव कधी घेतलं नाही. मीही पुढं होऊन सांगितलं नाही. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी लवकर जायला लागले. दोन डबे, हौद आणि शेड. सकाळ-संध्याकाळ. ओली वाळू चाळायला वेळ लागतो, बायका माझ्यावर चिडायच्या. पाण्यानं नवऱ्याला थोडं बरं वाटायचं, पण छातीत जे बसलं होतं ते बसलं होतं. त्यानं आणखी दोन पावसाळे काम काढलं. मग उचगावच्या घरात खाटेवर बसून श्वास घेणं एवढंच काम उरलं. आडवं होता यायचं नाही त्याला. बसल्या-बसल्याच गेला. खुर्ची मिळाली नाहीच.

संस्थेची माणसं परत आली नाहीत. त्यांचा मला राग नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर गेले. मधल्या दिवसांत कुणी पाणी मारलं नव्हतं. शेड कोरडी होती. नवऱ्याच्या जागी दुसरा माणूस बसून खरवडत होता, त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी डबे उचलले.

मिस्त्री म्हणाले, "आता कशाला वैनी?"

मी म्हणाले, "सायबांच्या वहीत लिवलंय न्हवं, रोज म्हणून."